दाणे नाय, कूट हाय

आमच्या लेकीचे गाल तिसऱ्या महिन्यात लाल झाले आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी काही शहाणपणाचं बोललो तर ते कितपत मनावर घ्यायचं हे वाचणाऱ्याला ठरवता येईल. इंदिरानगरच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका जिन्यात थांबून म्हणायच्या, काय गुलाबी बाळ आहे, अगदी काश्मिरी. मी सावळा, बायको माझ्याहून जेमतेम उजळ. आमच्या घरात काश्मीर कुठून आलं, हा प्रश्न मला पडायला हरकत नव्हती. पडला नाही.

मी तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो. दिवसभर लोखंडी भागांवरून बोट फिरवायचं, जरा खरखर लागली की तो भाग बाजूला काढायचा, हे माझं पोटापाण्याचं काम. संध्याकाळी घरी येऊन तेच बोट लेकीच्या गालावरून फिरवायचो. गाल गरम आणि खरखरीत लागायचा. मी म्हणायचो, किती गोड.

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. त्या वर्षी नाशकात थंडी पडली ती कोरडी, ओठ फाटणारी. थंडीबरोबर लेकीचे गालही फुटले. आधी बारीक पुरळ, मग त्यातून पाणी, मग पिवळट खपली. मानेच्या वळ्यांत, कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत लाल चट्टे. हातानं खाजवायचं वय नव्हतं, म्हणून ती तोंड घासायची. गादीवर, दुपट्यावर, माझ्या खांद्यावर. कंपनीत जाताना माझ्या सदऱ्याच्या डाव्या खांद्यावर डाग असायचे आणि तिकडचे लोक विचारायचे, काय राव, घरी रंगकाम काढलंय का.

इथे ताईला आणायला हवं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आमची आई लवकर गेली, त्यामुळे मला वाढवलं ते तिनंच. लग्न करून ती सिन्नरच्या अलीकडे मळ्यात राहायला गेली, पण माझ्यावरचा ताबा तिनं सोडला नाही. बायकोचं बाळंतपण तिनंच केलं. बायको तिला वन्सं म्हणायची आणि जरा घाबरायची. मी ताई म्हणायचो आणि बराच घाबरायचो.

ताई सिन्नरहून एस.टी.नं यायची ती हातात तेलाची किटली घेऊन. घरच्या शेंगा, ओळखीच्या घाण्यावर काढलेलं तेल. झाकण उघडलं की सगळ्या घराला भाजल्या शेंगांचा वास. "दुकानातलं पोरीच्या अंगाला लावायचं नाय," हा तिचा नियम. ती दोन्ही पाय लांब करून बसायची, लेकीला पायांवर पालथी घालायची आणि तेल जिरवायची. मग साय आणि डाळीचं पीठ, ते चोळून चोळून काढायचं. मग कडकडीत पाणी. मग शेगडीवर ओवा आणि लसणाची सालं टाकून धुरी. पोर रडून लालबुंद व्हायची आणि ताई म्हणायची, रडू दे, छाती मोकळी होते. कांदे काढून काढून राकट झालेले तिचे हात, पण लेकीची टाळू भरताना त्या हातांचा कापूस व्हायचा. हे सगळं ती मायेनं करत होती, आणि यातली एकूण एक गोष्ट त्या कातडीला नको असलेली होती. हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं.

चट्टे वाढले तेव्हा ताईनं निदान केलं: उष्णता. अंगातली उष्णता बाहेर पडतेय, पडू द्या. शेजारच्या काकू म्हणाल्या दृष्ट. वाण्यानं सांगितलं आंबट बंद. कंपनीतल्या सुपरवायझरनं अंडं, दही, केळी, टोमॅटो बंद करायला सांगितलं, म्हणजे बायकोनं खायचं बंद, कारण दूध तिचं. लेक पाच-सहा महिन्यांची होईस्तोवर बायको भात आणि मुगाच्या वरणावर आली होती. तिचे डोळे खोल गेले. चट्टे जागच्या जागी.

शेवटी बायकोच उठली आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. मी बरोबर होतो, पिशवी धरायला. डॉक्टर एक बाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी लेकीला उघडी करून खिडकीपाशी नेलं, नीट पाहिलं आणि म्हणाल्या, हा इसब आहे. लहान मुलांत असतो. एका औषधानं जात नाही, पण सांभाळला तर मूल सुखानं वाढतं. मग त्यांनी अंघोळीचं विचारलं. बायको सांगत गेली तशी त्यांची मान खाली खाली जात गेली. पीठ बंद. धुरी बंद. पाणी कोमट, अंघोळ आटोपशीर. अंग चोळायचं नाही, मऊ जुन्या सुती कापडानं नुसतं टिपायचं, आणि अंग ओलसर आहे तोवरच साधं, बिनवासाचं मलम लावायचं, भरपूर. लाल चट्ट्यांवर दुसरं, औषधाचं मलम, पातळ, सांगितलं तेवढेच दिवस. नखं कापलेली. लोकर अंगाला लागू द्यायची नाही. आणि बायकोला म्हणाल्या, तुम्ही आधी नीट जेवा. ज्याचा त्रास होतोय असं दिसलेलं नाही, ते बंद करून काय मिळवलंत?

"मालिशीला तेल कोणतं?" त्यांनी विचारलं.

"गोडं तेल," मी म्हणालो. मलाही काहीतरी बोलायचं होतं.

"गोडं म्हणजे कशाचं?"

मला सुचेना. गोडं तेल गोड्याचं असतं. आयुष्यभर खाल्लेलं, पण ते कशाचं, असं कोणी विचारलं नव्हतं. बायको म्हणाली, शेंगदाण्याचं. डॉक्टर म्हणाल्या, फुटलेल्या कातडीवर नकोच.

त्या एवढंच म्हणाल्या. आता म्हणतात की फुटलेल्या कातडीतून असलं काही आत गेलं की शरीर त्याला वैरी समजायला शिकतं, आणि मग तीच वस्तू पोटात गेली की उसळून उठतं. आमच्या लेकीच्या बाबतीत तसंच झालं का, ते कोणी छातीठोक सांगू शकत नाही. मी हे ताईला कधी सांगितलेलं नाही. सांगून काय करणार होती ती? हात कापून ठेवणार होती?

मलमावरून घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण आवाज कोणीच चढवला नाही. ताईचं म्हणणं, मलमानं दाबलं का आत जातं, छातीत बसतं, मग दमा. आमच्याकडे हे सगळ्यांनाच माहीत असतं, कोणी शिकवत नाही. बायकोनं डॉक्टरांना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, इसब असलेल्या काही मुलांना पुढे दमाही होतो, पण तो मलम लावल्यानं नाही. न लावल्यानं मात्र कातडीत पू होतो, तो बघायचाय का? बायकोनं हे घरी येऊन वन्संना सांगितलं. वन्सं ऐकून घेऊन म्हणाल्या, "मी काय कोन सांगनारी? पोर तुमची." आणि सिन्नरची गाडी पकडली. किटली आमच्याकडेच राहिली. मी दोन्हीकडे मान हलवली होती. माझी मान त्या काळात फार लवचिक होती.

बायकोनं मात्र कंबर कसली. लेकीचे फ्रॉक ती उलटे घालायची, शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे अंगाला टोचायला नको. आम्ही तिला घेऊन रस्त्यानं निघालो की दर चार घरांमागे कोणीतरी सांगायचं, अहो, फ्रॉक उलटा घातलाय. आधी आम्ही समजावत बसायचो. मग मी नुसतं "हो का?" म्हणायला लागलो. झोपताना हातांत मोजे. गोधड्या उन्हात. अंघोळीनंतर बायको मलम घेऊन तिच्यामागे धावायची आणि लेक लोण्यासारखी हातातून सटकायची. हळूहळू गालांवर कातडी धरली. कोपराच्या खोबणीत लाली राहिली, थंडीत ती उठायचीच, पण पोर झोपायला लागली आणि बायकोही.

मग चिक्की. लेक वर्षाची झाली होती, मी खात होतो, तिनं हात पुढे केला, मी एक तुकडा तिच्या ओठांना लावला. जरा वेळानं ओठ सुजले आणि अंगावर गांधी उठल्या. पित्त, मी म्हणालो. आमच्याकडे गांधी उठल्या की पित्त आणि पित्त म्हटलं की आमसुलाचं पाणी. ते चोळलं. संध्याकाळपर्यंत ओसरलं, त्यामुळे आमसुलाची आणि माझी दोघांचीही पत वाढली. बायको मात्र दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन बसली. त्यांनी काय भरवलं, कधी भरवलं, किती वेळानं उठलं, सगळं विचारलं, रक्त तपासायला सांगितलं, आणि मग म्हणाल्या, शेंगदाणा बंद. कायमचा धरून चाला. पुढच्या वेळी याहून जास्त होऊ शकतं. श्वास अडू शकतो. तेव्हा आमसूल लावत बसायचं नाही, मिळेल त्या दवाखान्यात उचलून न्यायचं.

श्वास अडू शकतो, हे वाक्य बायकोनं घरी आणलं आणि ते आमच्यात राहायला लागलं. लेक खोकली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो.

शेंगदाण्याशिवाय स्वयंपाक करून बघा, मग कळेल. बायको भरल्या वांग्यात तीळ आणि खोबरं घालायला लागली. साबुदाण्याची खिचडी नुसती बटाट्याची. मी पहिल्या घासाला म्हणालो, छान आहे, आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की दुसरा घास मी न बोलता खाल्ला. कूट तिनं घरातून काढलं. न बोलता काढलं, आणि त्याबद्दल आमच्यात चर्चा अशी झालीच नाही. तीच तर गोम होती, पण ती पुढे कळायची होती.

लेक अडीच वर्षांची असताना भाऊबीजेला ताईकडे गेलो. बायकोचं मन नव्हतं. सणाचं घर, दहा हात, कोण काय भरवेल. पण भाऊबीजेला भाऊ ओवाळून घ्यायला गेला नाही, तर मळ्यातल्या वस्तीवर ताईनं तोंड कसं दाखवायचं? आणि मलमावरून झालेलं ते न झालेलं भांडण अजून मध्ये होतंच. मी म्हणालो, आपण सांगू ना. आणि सांगितलंही. पोचल्याबरोबर, चपला काढायच्या आधी, दोघांनी मिळून सांगितलं. शेंगदाणे नाहीत, चिक्की नाही, लाडू नाहीत, फुटाण्यांत मिसळलेले दाणेही नाहीत. ओठाला लागले तरी चालत नाहीत.

ताईनं हसण्यावारी नेलं नाही. तिनं लेकीला उचललं, तिचे हात उलटेसुलटे करून चट्टे बघितले आणि म्हणाली, "मलमानं उतरलं की गं." बायकोच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी विसरलो नाही. दोन वर्षं ज्याची वाट बघत होती ते तिला उंबऱ्यात मिळालं. तिचा पदर जरा सैल झाला. म्हणाली, वन्सं, मी पुऱ्यांना बसते, तुम्ही हिला घ्या.

जेवताना ताईनं लेकीला मांडीवर घेतलं. अळूची पातळ भाजी होती, दाणे आणि हरभऱ्याची डाळ घातलेली. आमच्याकडे ती तशीच होते. ताईनं वाटीभर भाजी ताटलीत पसरली, उजेडाकडे वळली आणि एकेक दाणा बोटानं वेचून बाजूला ठेवायला लागली. तिला जवळचं नीट दिसत नव्हतं, म्हणून ताटली पार नाकापाशी. मी पंगतीत बसल्या जागी म्हणालो, ताई, ती भाजी राहू दे, दाण्यांबरोबर शिजलीय ती. ताईनं ताटली बाजूला सरकवली. म्हणाली, राहू दे तर राहू दे, कोरडा भात देते. मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. समोर दाजी, म्हणजे ताईचे यजमान, हसत म्हणाले, आमच्या भाजीत खडा निघतो तेव्हा नाय बघत एवढं.

मग तिनं लेकीला भात भरवला आणि काकडीची कोशिंबीर. गार असते, पोरीच्या अंगातल्या उष्णतेला बरी.

मी पुरी मोडत होतो. लेक खोकली, म्हणून मान वर केली. ती पुन्हा खोकली आणि घसा खरवडत राहिली, कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तसा आवाज. ओठ जाड दिसले. तिनं मानेला हात घातला आणि दोन्ही हातांनी खाजवायला लागली, आणि मग ताईच्या लुगड्यावर उलटी केली.

बायको स्वयंपाकघरातून आली ती हातात झारा घेऊनच.

"वन्सं, काय खाल्लं हिनं?"

"काय नाय. भात अन् कोशिंबीर."

"कोशिंबिरीत दाणे होते?"

"दाणे नाय त्यात," ताई म्हणाली. "नुसतं कूट हाय."

ती अगदी खरं बोलत होती. आमच्याकडे दाणे म्हणजे भाजून मूठभर घ्यायचे, गुळाच्या खड्याबरोबर खायचे ते. कूट वेगळं. त्याचा डबा वेगळा, त्याची जागा मीठ-मसाल्याच्या रांगेत. भाजीत काय काय घातलं असं विचारलं तर कोणी कूट घातलं म्हणून सांगत नाही, पाणी घातलं म्हणून सांगत नाही तसंच. आम्ही दोघांनी उंबऱ्यात उभं राहून शेंगदाण्याची सगळी रूपं म्हणून दाखवली होती आणि त्यात हे एक आलं नव्हतं, कारण आमच्याही डोक्यात ते शेंगदाण्याचं रूप नव्हतंच. बायकोच्या हातांना ते माहीत होतं. तोंडाला नव्हतं.

कोणीतरी आमसूल आणा म्हणालं. बायकोनं झारा खाली ठेवला, लेकीला उचललं आणि दाराकडे चालायला लागली. दाजींची जीप होती, एरवी सिन्नर-नाशिक प्रवासी भरून चालणारी. दाजी उष्ट्या हातानंच चालवायला बसले. बायको लेकीला घेऊन पुढे, मी आणि ताई मागे. लेकीच्या श्वासाला शिट्टी लागली होती. मध्येच ती शिट्टी बारीक व्हायची, आणि मोठी होती तेव्हा बरी होती असं वाटायचं. मी मागून हात घालून लेकीचा पाय धरून होतो. तेवढाच माझ्या वाट्याला आला होता. पाय गरम होता आणि त्यावरही गांधी उठत चालल्या होत्या, हाताखाली कळत होत्या.

ताई समोरच्या बाकावर होती. लुगड्यावरची उलटी तिनं पुसली नव्हती. उजवा हात, भरवलेला, तिनं अंगापासून लांब धरला होता, कुठे टेकवावा ते कळत नसल्यासारखा. जीप दचके खात होती तरी तिनं त्या हातानं दांडी धरली नाही. ती एकच वाक्य बोलली, तेही माझ्याकडे न बघता.

"मी दाणे येचले व्हते रे."

सिन्नरात दवाखान्याला कुलूप होतं. डॉक्टर वरच राहायचे. दाजींनी खालून हाक मारली, आणि ते ओवाळून घेता घेता उठून आले, कपाळाला ओला टिळा, त्यात तांदळाचा दाणा चिकटलेला. त्यांनी लेकीकडे पाहिलं, बायकोनं एका श्वासात सांगितलं ते ऐकलं, आणि दुसरं काही न विचारता मांडीत इंजेक्शन दिलं. मग आम्ही सगळे उभे राहिलो. डॉक्टर तिच्या छातीला नळी लावून वाकले होते आणि मी त्यांच्या कपाळावरच्या त्या तांदळाकडे बघत होतो, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं. हळूहळू शिट्टी उतरली. लेकीनं डोळे उघडून आईकडे पाहिलं आणि मोठ्यानं रडली. डॉक्टर म्हणाले, रडू द्या. मग म्हणाले, उतरलंय म्हणून घरी न्यायचं नाही, काही तासांनी परत चढू शकतं. नाशिकला मोठ्या दवाखान्यात ठेवा. तसं ठेवलं. दुसऱ्या दिवशी घरी आणलं.

लेक वाचली. पण त्यानंतर आमच्यात जे झालं त्याला औषध नव्हतं.

बायकोनं ताईला एका शब्दानंही बोल लावला नाही. मला ते जास्त जड गेलं. मी एकदा विषय काढला, की ताई मनाला लावून घेऊन बसलीय, तू एकदा तिच्याशी बोल. बायको फडकं वाळत घालत होती. म्हणाली, "त्यांची चूक नाही, मला माहितेय. पण चूक नसताना हे झालं ना? मग मी कुणाच्या भरवशावर सोडू तिला?" ज्यांचा तिच्यावर जीव नाही ते भरवायला येत नाहीत. भरवायला येतात ते जीव असलेलेच. म्हणजे आता ज्याची माया जास्त त्याची भीती जास्त.

लेकीचा डबा सुरू झाला. लग्नात, बारशात, कुणाच्या वाढदिवसाला, सगळीकडे तिचा डबा. लोक रागवायचे. आमच्या घरचं पोरीला चालत नाही का? मग लोकांना खोटं सांगायचो, पोट बिघडलंय. खरं सांगितलं तर म्हणायचे, थोडं थोडं द्या, सवय होईल. शाळेत घातल्यावर बायको बाईंना भेटून आली. बाई चांगल्या होत्या, त्यांनी सगळ्या वर्गाला सांगितलं, आणि मग मधल्या सुट्टीत लेकीच्या शेजारी कोणी बसेना. ती घरी येऊन म्हणाली, माझं लागतं म्हणून. पोरांना वाटलं होतं, कोपराचे चट्टे लागट आहेत. बाईंना पुन्हा भेटायला लागलं. लेकीनं उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा हट्ट धरला, घामानं चट्टे आणखी पेटले, आणि तो सगळा उन्हाळा मलम, रडणं आणि बाह्या यांतच गेला.

आणि ताई. ताई यायची थांबली. दाजी कधी जीप घेऊन नाशकात आले की खालूनच भाजी देऊन जायचे. एकदा चहाला वर आले तेव्हा म्हणाले, तिनं घरातलं कूट बंद केलंय. आमच्यासाठी पण. आमची शेंगांची शेतं, अन् आमच्या भाजीत कूट नाय, आता बोला. ते हसत होते, पण बायकोकडे बघून हसू आवरलं. मी जायचो ताईकडे, एकटाच. ती मला वाढायची, लेकीचं विचारायची, उंची किती झाली, शाळेत हुशार हाय का, चट्टे कसे हायेत. ये ना बघायला, म्हटलं की म्हणायची, कांदे काढून झाले का येते. कांदे निघायचे, मग गहू असायचा.

ती आली तेव्हा लेक सात वर्षांची होती. न कळवता आली, दुपारची. दार उघडलं तर दारात ताई, आणि हातात काही नाही. किटली नाही, पिशवी नाही, कोथिंबिरीची जुडीसुद्धा नाही. रिकाम्या हातांनी माहेरी आलेली ताई मी त्याआधी पाहिली नव्हती. ती खुर्चीच्या कडेवर बसली. बायकोनं पाणी दिलं. दोघी हवापाण्याचं बोलल्या. लेक जमिनीवर गृहपाठ करत होती, आणि अधूनमधून कोपर खाजवत होती, वहीवरून नजर न काढता.

"मलम लावायचं आसंल ना तिला," ताई बायकोला म्हणाली. "मी लावू का?"

बायकोनं रिकामा पेला उचलला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन थांबली. लेकीनं मान वर केली. आपली चौकशी आपणच करायची, हे ती शाळेत शिकली होती.

"आत्या, आज काय काय खाल्लंस?"

मला वाटलं ताईला लागेल. पण ताईनं नीट आठवून सांगितलं, डॉक्टरांपुढे सांगावं तसं. सकाळी चहा. भाकर, बाजरीची. मेथी. स्टँडवर परत चहा.

"मेथीत कूट?"

"नाय. घरातच नाय."

"स्टँडवर चहाबरोबर काही?"

"नाय बाई."

लेकीनं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, हात साबणानं धू, बेसिनपाशी आहे. ताई उठली. नळ बराच वेळ वाहत राहिला. परत आली तेव्हा तिनं दोन्ही हात पुढे धरून दाखवले, आधी तळवे, मग पालथे. लेकीनं बाही वर केली.

ताईनं मलम घेतलं ते खूप घेतलं. "एवढं नको, पातळ लाव," लेक म्हणाली. ताईनं जास्तीचं आपल्या मनगटावर पुसलं आणि पातळ लावलं. तिचं बोट त्या खोबणीत गोल फिरत होतं आणि ती श्वास धरून बसली होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर माझ्या हातात होता.

मलम लावून झालं. टेबलावर केळी होती, आमच्याच घरची. ताईनं एक उचललं.

"सोलून देऊ?"

लेकीनं आईकडे बघितलं. आईनं काहीच खूण केली नाही, ना हो ना नाही. मग लेकीनं ताईच्या हातातून केळं घेतलं.

"मी सोलते," ती म्हणाली.

ती ताईला टेकून बसली आणि केळं खायला लागली. ताईनं साल मागून घेतली आणि तिचं खाऊन होईपर्यंत हातात धरून बसून राहिली.